शखेमचे तीन दिवस

रविवार, रात्री

आज उपासनेत बायबलातला १ राजे १२ वाचला गेला: शलमोन राजाचा मुलगा रहबाम गादीवर येतो आणि राज्य फुटतं, तो अध्याय. उपदेश नेहमीच्या वळणानं गेला: शहाणी वडीलधारी मंडळी, उनाड मित्र, मधे अविचारी तरुण राजा, म्हणून वडीलधाऱ्यांचं ऐकत चला. दुपारी घरी तो अध्याय पुन्हा काढला, मग त्याच्या मागचे काढले आणि शेवटी २ शमुवेल उघडून बसले. हे प्रकरण मला एवढं सोपं वाटत नाही.

एक तर रहबाम तरुण नव्हता. गादीवर आला तेव्हा तो ४१ वर्षांचा होता, पुढे चौदाव्या अध्यायात वय दिलंय. ज्या ‘तरुणां’नी त्याला भरीला घातलं ते त्याच्याबरोबर वाढलेले, म्हणजे तेही चाळिशीच्या घरातलेच. राजवाड्यात कुणी कधी काही नाकारलं नाही की चाळिशीतही पोरकटपणा टिकत असावा.

दुसरं, हे सगळं यरुशलेमेत घडत नाही. राज्याभिषेकासाठी राजाला शखेमला जावं लागतं. गरिज्जीम आणि एबाल या दोन डोंगरांमधलं हे गाव, आजच्या नाब्लुसपाशी. मोशेनंतरचा पुढारी यहोशवा यानं इस्राएलाच्या साऱ्या वंशांकडून इथंच करार करून घेतला होता. उत्तरेकडच्या वंशांनी राजाला आपल्या अंगणात बोलावलं, यातच अर्धी गोष्ट आली. रहबामाचा आजोबा दावीद आधी हेब्रोनात साडेसात वर्षं फक्त यहूदावर, म्हणजे दक्षिणेकडच्या वंशावर, राज्य करत होता. मग इस्राएलाची, म्हणजे उत्तरेकडच्या वंशांची, वडीलधारी मंडळी तिथं आली, त्यानं त्यांच्याशी करार केला आणि तेव्हा कुठं तो सगळ्यांचा राजा झाला. उत्तरेच्या लेखी गादी ही बोलीची होती. रहबामाला ती बापाची इस्टेट वाटली.

आणि जमलेले लोक बंड करायला आलेले नव्हते, हे वाचताना सहज निसटतं. ते त्याला राजा करायलाच आले होते. मागणं एकच: तुमच्या वडिलांनी आमच्यावरचं जू भारी केलं, ते हलकं करा, आम्ही तुमची सेवा करू. ज्यांना फुटायचंच असतं ते अशी विनवणी करत नाहीत. निष्ठा हातात घेऊन ते दारात उभे होते. रहबाम म्हणाला, तीन दिवसांनी या.

जू म्हणजे काय, ते पाचव्या अध्यायात आकड्यांत आहे. लाकडासाठी लबानोनात ३०,००० माणसं वेठीला; दर महिन्याला १०,००० ची पाळी, एक महिना तिकडे, दोन महिने घरी. शिवाय ओझी वाहणारे ७०,००० आणि डोंगरात दगड फोडणारे ८०,०००. मंदिराला सात वर्षं लागली, राजाच्या स्वतःच्या वाड्याला तेरा. बारा अंमलदार, प्रत्येकानं वर्षातला एक महिना राजाचा मुदपाकखाना चालवायचा. गालीलातली वीस गावं तर शलमोनानं सोरच्या हीराम राजाला देऊन टाकली. त्या गावांतल्या लोकांना कुणी विचारलं असेल, असं वाटत नाही. गंमत म्हणजे नववा अध्याय ठणकावून सांगतो की शलमोनानं इस्राएलांपैकी कुणाला दास केलं नाही, आणि पाचवा म्हणतो की वेठ सगळ्या इस्राएलातून लावली. दोन्ही ओळी एकाच पुस्तकात राहू देणाऱ्या त्या जुन्या लेखकाचं मला कौतुक वाटतं.

आता ती शहाणी वडीलधारी मंडळी. त्यांचा सल्ला मी आज पहिल्यांदा नीट वाचला. आज तू या लोकांचा सेवक हो, गोड बोल, म्हणजे ते कायमचे तुझे सेवक होतील. सल्ला चांगला आहे, पण त्यात हिशेबही आहे. एक दिवस वाक, जन्मभर वाकव. वेठ कमी कर, असं त्यांच्या तोंडून स्पष्ट येत नाही. शिवाय हीच मंडळी शलमोनाच्या दरबारात उभी राहत असत. जू चढत होतं तेव्हा त्यांनी काय सांगितलं, याबद्दल पुस्तकात एक अक्षर नाही. म्हणून ‘वडीलधाऱ्यांचं ऐका’ एवढ्यावर मी थांबू शकत नाही.

मित्रांनी दिलेलं उत्तर सगळ्यांना पाठ असतं: माझी करंगळी बापाच्या कंबरेहून जाड, बापानं चाबकांनी मारलं, मी विंचवांनी मारीन. तिसऱ्या दिवशी रहबाम लोकांसमोर चाबूक-विंचू सगळं बोलतो, पण करंगळीचं वाक्य मात्र गाळतो. पाहा ताडून. म्हणजे तेवढी लाज शिल्लक होती!

लोकांचं उत्तर तयारच होतं. दावीदात आमचा काय वाटा? इशायाच्या पोराकडे (म्हणजे दावीदाकडे) आमचं वतन नाही. इस्राएला, आपापल्या डेऱ्याकडे चल! ही घोषणा त्या दिवशी सुचलेली नाही. दावीदाचा मुलगा अबशालोम याचं बंड मोडल्यावर शबा बिन बिक्रीनं हेच ओरडून लोक फोडले होते, २ शमुवेल २०, पहिली ओळ. त्याच्या अगदी आधी दावीदाला यार्देनेवरून आणताना यहूदाची आणि इस्राएलाची माणसं हमरीतुमरीवर आलेली आहेत, आमचे राजात दहा हिस्से आहेत म्हणून. शबा संपला, पण दुखणं तसंच राहिलं. मधे शलमोनाचं सोनं त्यावर चढलं, म्हणून दिसेनासं झालं इतकंच.

खरं हलले ते पुढच्या नावानं. त्याच विसाव्या अध्यायाच्या शेवटी दावीदाच्या अधिकाऱ्यांची यादी आहे. त्यात वेठीवरचा अधिकारी: अदोराम. शलमोनाच्या यादीत त्याच कामावर अदोनीराम. आणि शखेमला सगळं फिसकटल्यावर रहबाम लोकांकडे कुणाला पाठवतो? अदोरामाला. माणूस एकच असेल तर त्यानं तीन राजांची चाकरी केली, चांगलाच म्हातारा झाला असणार. ज्याचं तोंड पाहिलं की लोकांना लबानोन आठवायचं, नेमका तोच माणूस समजूत घालायला पाठवला. लोकांनी त्याला दगडांनी ठेचून मारलं. राजा घाईनं रथात चढून यरुशलेमेला पळाला. अदोरामानं ‘मी जात नाही’ म्हटलं असतं का? त्याच्या निष्ठेवर आजपर्यंत एकही उपदेश ऐकलेला नाही.

रहबामानं एक गोष्ट बरी केली, पण ती घाईत वाचून पुढे जातो आपण. फुटलेल्या उत्तरेशी लढायला त्यानं यहूदा आणि बन्यामीन या दोन वंशांतून १,८०,००० लढवय्ये गोळा केले आणि शमाया संदेष्टा आडवा आला: आपल्या भावांशी लढू नका, घरी जा. ते गेले. चिडलेल्या राजाच्या उभ्या फौजेनं मागे फिरणं सोपं नसतं. पुढे दोघांत कायम लढाई चालू राहिली असं पुस्तक सांगतं, पण त्या दिवशीचा रक्तपात तरी टळला.

आणि उत्तरेच्या वंशांनी मग ज्याला राजा केलं तो यराबाम? तो त्याच वेठीवरचा मुकादम, योसेफाच्या घराण्याच्या कामावर खुद्द शलमोनानं नेमलेला. कर्तबगार माणूस. अहीया संदेष्ट्यानं नवा झगा फाडून बारांतले दहा तुकडे, म्हणजे दहा वंश, त्याच्या हाती दिले, नीट चाललास तर तुझं घराणं टिकेल असंही सांगितलं. तरी त्याला झोप नाही. लोक सणाला यरुशलेमेला गेले तर मन तिकडे वळेल आणि मला मारतील, या धास्तीनं त्यानं एक सोन्याचं वासरू बेथेलात बसवलं, एक दान या गावात. आठव्या महिन्यात सणही स्वतःच्या मनानं ठरवला. लोकांनी आपण होऊन डोक्यावर घेतलेला माणूस, आणि त्याच लोकांना यात्रेला जाऊ द्यायला भितो.

चौदाव्या अध्यायात त्याचा मुलगा आजारी पडतो, तेव्हा त्याला विचारायला अहीयाच आठवतो. तोंड दाखवायची मात्र सोय उरलेली नाही. मग भाकरी, पोळ्या आणि मधाची बरणी देऊन बायकोला वेष पालटून शिलोला पाठवतो. अहीयाची नजर गेलेली, तरी पावलांच्या आवाजावर तो म्हणतो, ये, यराबामाच्या बायको. जे ऐकायचं ते तिनं एकटीनं ऐकलं. रहबामानं अदोरामाला पुढे केलं, यानं बायकोला.