सासुरवाडीत राहिलेला राष्ट्राध्यक्ष

अमेरिकेत कॅन्सस सिटीजवळ ओव्हरलँड पार्कला राहायला आल्यापासून भारतातून येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला मी मिझुरीतल्या इंडिपेंडन्स गावी, हॅरी ट्रुमन यांचं घर बघायला नेतेच. अमेरिकन राष्ट्राध्यक्षांची घरं म्हटलं की लोकांना वॉशिंग्टन यांचं माउंट व्हर्नन नाहीतर जेफरसन यांचं माँटिसेलो आठवतं. मोठाल्या इस्टेटी, आणि त्या राबून उभ्या करणारे शेकडो गुलाम. ट्रुमन यांचं २१९, नॉर्थ डेलावेअर स्ट्रीट त्या पंक्तीत बसत नाही. कोपऱ्यावरचं पांढरं, लाकडी, जुन्या वळणाचं घर. आणि तेही मुळात त्यांचं नव्हे, बायकोच्या, म्हणजे बेसच्या आजोबांनी बांधलेलं.

१९१९मध्ये लग्न झालं आणि हॅरी इथेच राहायला आले. सासूबाई मॅज वॉलेस. त्यांच्या नवऱ्याने १९०३ साली आत्महत्या केली, त्यानंतर बाईंनी लोकांत मिसळणंच टाकलं. त्यांना एकटं सोडून लेक जाणार कुठे? ग्रँडव्ह्यूच्या शेतावरचा हा पोरगा आपल्या बेसच्या तोलामोलाचा नाही, हे मॅजबाईंचं ठाम मत. त्यात १९२२मध्ये जावयाचं कॅन्सस सिटीतलं शर्ट-टाय-टोप्यांचं दुकान बुडालं. पुढे तो राष्ट्राध्यक्ष झाला तरी मत काही फारसं बदललं नाही म्हणे! राहिल्या मात्र व्हाइट हाउसमध्ये, लेक-जावयाकडेच, आणि डिसेंबर १९५२मध्ये तिथेच वारल्या. मग कुठे हॅरी आणि बेसनी तिच्या भावांचे हिस्से विकत घेतले. म्हणजे जपानवर अणुबाँब टाकायचा हुकूम देणारा माणूस स्वतःच्या घराचा मालक झाला तो पदावरून उतरल्यावर.

मेव्हणेही लांब नव्हते, दोघांचे बंगले मागेच. हे ऐकून सांगलीहून आलेल्या माझ्या सासूबाई म्हणाल्या, "म्हणजे वाडाच की गं हा."

त्यांना खरी भावली ती स्वयंपाकघराची खोली. हिरव्या भिंती, लाल टेबल, झिजून डागडुजी केलेलं लिनोलियम. फोटो काढू देत नाहीत, त्यामुळे माणूस नीट बघतो तरी. हॉलमध्ये हॅरींचा कोट आणि हॅट अजून खुंटीला आहेत. १९७२मध्ये ते गेले, बेस पुढे दहा वर्षं जगल्या, पण ते काही त्यांनी हलवलं नाही. वरचा मजला बंद असतो. तशी बेस यांच्या मृत्युपत्रातच अट होती, आणि मला ती आवडते. घर देशाला दिलं म्हणून निजायची खोलीही दाखवायची, असं थोडंच आहे?

निवृत्तीनंतर हॅरींना मिळायची ती फक्त लष्कराची पेन्शन, महिना ११२ डॉलर ५६ सेंट. माजी राष्ट्राध्यक्षांना पेन्शन देणारा कायदा झाला १९५८ साली. त्यांची ओढाताण सांगितली जात होती तेवढी नव्हती, असंही आता काही अभ्यासक दाखवून देतात. त्यात मी पडत नाही.

लॉनची गोष्ट मात्र सांगायलाच हवी. गवत काप म्हणून बेस मागे लागल्या होत्या, हॅरी टाळत होते. शेवटी एका रविवारी सकाळी, शेजारीपाजारी चर्चला निघालेले असताना, माजी राष्ट्राध्यक्ष मशीन घेऊन बाहेर आले आणि सगळ्यांदेखत गवत कापायला लागले. बेसना मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यानंतर पुन्हा कधी त्यांनी हे काम सांगितलं नाही म्हणतात.

सासूबाईंनी ऐकून घेतलं आणि माझ्या नवऱ्याकडे वळून म्हणाल्या, "तू यातलं काही शिकू नकोस."