दुसरा डोळा मिटू नका

दुर्बीण घरी आली आणि पहिल्याच आठवड्यात माझं डोकं दुखायला लागलं. वाळपईजवळच्या आमच्या अंगणात, 130 मिमी आरशाची साधी न्यूटनियन दुर्बीण. डावा डोळा घट्ट मिटून उजवा आयपीसला, म्हणजे डोळा लावायच्या भिंगाला, टेकवायचे. पाच मिनिटांत मिटलेल्या पापणीची थरथर उघड्या डोळ्यापर्यंत पोहोचायची. चंद्र धड दिसायचाच नाही, मध्येच अळसांद्याच्या दाण्यासारखी काळी सावली सरकायची.

एका शनिवारी पणजीला जुंता हाऊसच्या गच्चीवरच्या वेधशाळेत गेले. रांगेत माझ्या मागे उभ्या असलेल्या काकांनी माझं बघणं पाहिलं आणि हळूच म्हणाले, “ताई, दुसरा डोळा मिटू नका. उघडा ठेवा, वर तळहात धरा.”

एवढ्यानं अर्धं काम झालं. दोन्ही डोळे उघडे असले की कपाळ सैल सुटतं, फोकसही आपोआप दूरवर जातो. आता मी डाव्या डोळ्यावर काळ्या कापडाची पट्टी बांधते. डोळा आयपीसला चिकटवत नाही. थोडा मागून हळूहळू जवळ नेते आणि उजेडाचं वर्तुळ पूर्ण भरलं की तिथेच थांबते. सावली यायची ती डोळा फार पुढे किंवा आडवा गेल्यामुळे.

चष्म्याचं मात्र नीट समजून घ्यावं लागलं. माझ्या 10 मिमीच्या, प्लॉसल नावाच्या साध्या प्रकारच्या आयपीसमध्ये डोळा काचेपासून जेमतेम 7 मिमीवर न्यावा लागतो, चष्मा मध्ये मावतच नाही. माझा नंबर साधा मायनस, म्हणून तो काढून फोकसचं चाक फिरवलं की भागतं. सिलिंड्रिकल नंबर असेल तर फोकसनं तो जात नाही, तारे लांबट दिसतात. अशांनी 15 ते 20 मिमी आय रिलीफचा (म्हणजे डोळा काचेपासून तेवढा मागे ठेवता येईल असा) आयपीस घ्यावा आणि चष्मा खुशाल ठेवावा. आणि बसून बघा. मान वाकवून उभं राहिलं की श्वास अडतो, तो आयपीसवर पडतो, आणि आपल्या दमट हवेत काच लगेच धुरकटते.

खरा आनंद तिरक्या नजरेचा. डिसेंबरात रात्र पडली की देवयानी दीर्घिका उत्तरेला उंचावर असते. 25 मिमी आयपीसमधून तिचा गाभा आणि एम 32 हा सोबती, म्हणजे तिच्याजवळची छोटी दीर्घिका, लगेच सापडला, पण दुसरा सोबती, एम 110, नाहीच. अंधुक उजेड टिपणाऱ्या दंडपेशी डोळ्याच्या मधोमध नसतात, त्या कडेला असतात. म्हणून थेट बघितलं की अंधुक वस्तू गायब. उजवा डोळा लावला असेल तर नजर वस्तूच्या किंचित उजवीकडे न्यायची, म्हणजे अंधबिंदूही (डोळ्याला जिथलं काहीच दिसत नाही ती जागा) आड येत नाही. अर्थात त्याआधी 20-30 मिनिटं अंधारात बसायला हवं. मोबाईल बंद, टॉर्चवर लाल जिलेटिन कागद.

मी डोक्यावरून चादर ओढून घेतली, नजर उजवीकडे ठेवली, सावकाश श्वास घेत राहिले. काचेवर फुंकर मारावी तसा एक फिकट लांबट डाग उमटला, सरळ बघितलं तर गेला, नजर हलवली तर परत आला.

मग आईला स्टुलावर बसवलं. “सरळ नको बघू गो, थोडी उजवीकडे बघ.” बराच वेळ ती गप्प होती. मग माझा हात घट्ट धरून म्हणाली, “दिसलें गो.”