याकिसोबा, प्रयोग सहावा: नूडल्स पाण्यात नाही, वाफेवर

याकिसोबा म्हणजे भाज्या आणि सॉस घालून तव्यावर परतलेल्या जपानी नूडल्स. आधीचे पाचही प्रयोग एकाच जागी फसले होते. नूडल्स पाण्यात शिजवून, निथळून तव्यावर टाकायचो आणि सॉस पडला की दोन मिनिटांत गिचका. चव जमत होती, पण नूडल्सना चिवटपणा येत नव्हता. या रविवारी तो आला.

मला हवा आहे तो फुजिनोमियाचा याकिसोबा. फुजी पर्वताच्या पायथ्याचं, शिझुओका प्रांतातलं हे गाव. २००६ साली जपानमधल्याच हाचिनोहे शहरात पहिली बी-वन ग्रांप्री भरली, गावोगावच्या साध्या, स्वस्त खाण्याची स्पर्धा. तिथे पहिला नंबर याच याकिसोबाने काढला. फुजिनोमियात नूडल्स पाण्यात उकळतच नाहीत. वाफवतात, झटपट गार करतात आणि तेलाचा हात फिरवून ठेवतात. आत पाणी कमी, म्हणून लागेल तेवढं तव्यावर घालता येतं. हे नीट लक्षात आलं आणि मोदकपात्र काढलं.

नावात सोबा (म्हणजे कुट्टू, बकव्हीट) असला तरी यात तो नसतो. गव्हाच्याच नूडल्स, पण कान्सुई नावाच्या क्षाराच्या पाण्यात मळलेल्या. त्याऐवजी मी खायचा सोडा १५० अंशांवर तासभर भाजतो. सोड्यातून पाणी आणि कार्बन डायऑक्साइड निघून गेला की १०० ग्रॅमचे साधारण ६३ ग्रॅम उरतात. माझे ६४ भरले, म्हणजे काम झालं. (हा सोडा हाताला झोंबतो, चमच्यानेच घ्या.)

३०० ग्रॅम मैदा, ११५ ग्रॅम पाणी, भाजलेला सोडा आणि मीठ तीन-तीन ग्रॅम. सोडा-मीठ आधी पाण्यात पूर्ण विरघळवलं. परातीत ओल्या रव्यासारखा भुगा झाला, गोळा होईना. पाणी वाढवायचा मोह आवरा! भुगा पिशवीत दाबून तासभर मुरवला आणि मग यंत्रातून काढला. पिवळसर झाक आपोआप येते, ती क्षाराची.

मोदकपात्रात सहा मिनिटं वाफ, मग पाण्याचा हबका मारून नूडल्स मोकळ्या केल्या, पुन्हा चार मिनिटं. पंख्याखाली गार केल्या, तेल चोळलं.

बिडाचा तवा धूर येईपर्यंत तापवला. आधी नुसत्या नूडल्स पसरल्या आणि दीड मिनिट उलथनं लावलंच नाही. खालून तांबूस डाग पडले, कडा कुरकुरीत झाल्या. मला वाटतं, अर्धा याकिसोबा या दीड मिनिटात होतो. त्या बाजूला काढून कोबी, कांदा, गाजर मोठ्या आचेवर. कोबी करकरीत असतानाच नूडल्स परत तव्यावर आणि पाव वाटी पाणी. ते आटल्यावरच सॉस, तोही तव्याच्या कडेने, म्हणजे चरचरून त्याला खरपूस वास येतो. दोघांपुरता तीन चमचे वूस्टर, एक ऑयस्टर, अर्धा सोया, चिमूटभर साखर.

फुजिनोमियात यात डुकराची चरबी काढून उरलेला चोथा, निकुकासु, घालतात आणि वर सार्डिनची पूड भुरभुरतात. निकुकासु मी वगळतो. पुडीसाठी मात्र सुकी तारली कोरडी भाजून, काटे काढून मिक्सरला फिरवली. सार्डिनच ती, आणि वास उघडल्या डब्यातून थेट कोकणातला!

वरून लाल आलं, बेनी शोगा, हवंच. घरी व्हिनेगरमध्ये मुरवलेलं वापरलं, रंग बिटाचा.

अजून खटकतं ते एकच: नूडल्स दोन मिलिमीटरच्या झाल्या, थोड्या जाड हव्यात. पुढच्या खेपेला पोळी एका घराने जाड ठेवतो आणि दुसरी वाफ सहा मिनिटांची देतो. कोणी मोदकपात्राऐवजी बांबूची टोपली वापरत असेल तर वेळ जरूर कळवा.