सोनोग्राफीची तारीख आणि माझे नऊ दिवस

माझ्या गर्भपिशवीला आणि नळ्यांना सूज होती, आणि सोनोग्राफीची तारीख मिळाली ती नऊ दिवसांनंतरची. त्या नऊ दिवसांचा राग अजून गेलेला नाही, म्हणून लिहायला बसले.

जुलै महिना होता. कोल्हापुरातला पंचगंगेवरचा राजाराम बंधारा पाण्याखाली गेलेला आणि पाऊस थांबायचं नाव घेत नव्हता. ओटीपोटात दुखायला लागलं. आधी वाटलं पाळी जवळ आली असेल. मग अंगावरून पांढरं जायला लागलं, त्याला वास येत होता आणि रोज संध्याकाळी अंग तापायचं. मी शिरोली एमआयडीसीत एका फौंड्रीच्या ऑफिसात हिशेब बघते, स्कूटीवरून जाते. वाटेत गतिरोधक दिसला की आधीच पोटावर हात जायचा, एवढी कळ यायची.

शेवटी एका मोठ्या दवाखान्यात गेले. केसपेपरच्या खिडकीत मुलगा बसलेला, माझ्यामागं पंधरा-वीस माणसं. त्यानं मोठ्यानं विचारलं, "तक्रार काय?" एवढ्या लोकांत काय सांगणार? "पोटात दुखतंय" म्हणाले. त्यानं तेवढंच लिहिलं. आत डॉक्टरांनी तेवढंच वाचलं, दोन गोळ्या लिहिल्या आणि म्हणाले, "सोनोग्राफी करून या, मग बघू." तपासलं नाही, काही विचारलं नाही. बायांनो, केसपेपरवर काय लिहिलं जातंय त्यावर पुढचं सगळं ठरतं. नुसतं "पोट" म्हणू नका. "ओटीपोटात दुखतंय, ताप आहे, अंगावरून जातंय आणि वास येतोय," हे सगळं सांगा. बोलवत नसेल तर घरूनच चिठ्ठीवर लिहून न्या आणि डॉक्टरांच्या हातात द्या.

सोनोग्राफीच्या खिडकीतल्या बाईंना मी ताप येतोय म्हणून दोनदा सांगितलं. त्या म्हणाल्या, "ताई, इथं सगळ्यांनाच घाई असते." ताप उतरायची एक आणि दुखणं दाबायची एक, अशा गोळ्या खात मी नऊ दिवस काढले. दुखणं दबलं की वाटायचं बरं होतंय. चार तासांनी पुन्हा तेच.

नवव्या दिवशी दहाची वेळ होती. लिटरभर पाणी पिऊन, लघवीला न जाता यायला सांगितलेलं. पावणेबारापर्यंत मी त्या लोखंडी बाकावर बसून होते. सुजलेल्या ओटीपोटावर भरलेल्या मूत्राशयाचा दाब काय असतो ते ज्याचं त्यालाच कळतं. घाम फुटला, पदर तोंडात धरला. मध्ये दोघी-तिघींना ओळखीवर आत सोडलं. शेवटी सहन होईना म्हणून जाऊन आले आणि नेमकं तेव्हाच माझं नाव पुकारलं. "लघवी साठलेली नाही, परत पाणी प्या, आता शेवटी नंबर." दीड वाजता झाली सोनोग्राफी. तोवर डॉक्टर निघून गेलेले. दुसऱ्या दिवशी परत रजा, परत रांग, आणि डॉक्टर म्हणाले, "रिपोर्ट नॉर्मल आहे. गॅसेस असतील."

मी बाहेर येऊन पायरीवर बसून रडले.

त्याच संध्याकाळी नणंद मला राजारामपुरीत तिच्या ओळखीच्या डॉक्टर मॅडमकडं घेऊन गेली. त्यांनी दार लावून घेतलं आणि आधी सगळं विचारलं. शेवटची पाळी कधी, मध्येच रक्त जातं का, संबंधाच्या वेळी दुखतं का, गर्भ राहू नये म्हणून तांबी बसवलीय का. लघवीवरून गरोदरपणाची तपासणी केली, कारण गर्भ नळीत राहिला असेल तरी असंच दुखतं आणि ते जिवावर बेतू शकतं. मग आतून हातानं तपासलं. गर्भपिशवीचं तोंड नुसतं हलवलं आणि मी ओरडले. मॅडम म्हणाल्या, "हेच बघायचं होतं. पिशवीला आणि नळ्यांना सूज आहे. औषध आत्ताच सुरू करूया."

मी रिपोर्ट पुढं केला. त्यांनी तो बाजूला ठेवला. सोनोग्राफी नॉर्मल आली म्हणजे ही सूज नाही असं होत नाही, सुरुवातीला तिच्यात बऱ्याचदा काही दिसतही नाही. नळीत पू झालाय का, दुसरं काही आहे का, हे बघायला ती लागते, पण औषध तिच्यासाठी अडवून ठेवायचं नसतं. हे पहिल्याच दिवशी मला कुणी सांगितलं असतं तर! हा आजार योनीतून जंतू वर चढून गर्भपिशवी, नळ्या आणि बीजांडकोशापर्यंत गेल्यानं होतो. उशीर होईल तसे नळ्यांना व्रण पडतात. पुढं मूल राहायला अडचण, गर्भ नळीतच राहणं, कायमची ओटीपोटदुखी, ही सगळी त्याचीच फळं. मला एक मुलगी आहे. ज्यांना अजून मूल व्हायचंय त्यांचे नऊ दिवस असे गेले तर?

एक इंजेक्शन आणि 14 दिवसांच्या गोळ्या दिल्या. तिसऱ्या दिवशी परत बोलावलं, कारण तोवर उतार पडायलाच हवा. नाही पडला, उलट्या होऊन गोळ्या पोटात टिकल्या नाहीत किंवा ताप चढत गेला, तर ॲडमिट व्हावं लागतं. मला चौथ्या दिवशी पुरतं हलकं वाटलं. तरी 14 दिवस पूर्ण केले.

दोन वर्षांपूर्वी बसवलेल्या माझ्या तांबीला सासूबाईंनी दोष दिला. मॅडमनी ती काढली नाही. तांबीमुळं धोका वाढतो तो मुख्यतः बसवल्यावर पहिले तीन आठवडे, आणि औषधानं उतार पडत असेल तर ती राहू देतात. चुलत सासूबाई म्हणाल्या, "पिशवीच काढून टाक, कटकट मिटेल." औषधानं बऱ्या होणाऱ्या दुखण्यासाठी पिशवी कशाला काढायची? मी ऐकून घेतलं आणि गप्प बसले.

सगळ्यात अवघड होतं ते नवऱ्याला त्यांनीही औषध घ्यायचंय हे सांगणं. "मला कुठं काय होतंय?" हेच त्यांचं उत्तर. मॅडमनी त्यांना आत बोलावून शांतपणे सांगितलं, की क्लॅमिडिया, गोनोरिया अशा संबंधातून लागणाऱ्या रोगांचे जंतू काही त्रास न देता महिनोन् महिने अंगात राहतात, कुणाला कधी लागले ते सांगता येत नाही, आणि प्रत्येक वेळी सूज लैंगिक संसर्गानंच येते असंही नाही. पण त्यांनी औषध घेतलं नाही तर मला पुन्हा लागण होऊ शकते. एचआयव्ही आणि सिफिलिससाठी दोघांचं रक्त तपासलं, दोन्ही निगेटिव्ह. दोघांचे डोस संपेपर्यंत संबंध नाहीत, आणि पुढं निरोध. त्यांनी ऐकलं, याचं मला आजही समाधान आहे.

ज्यांना खासगीतला खर्च झेपत नाही त्यांच्यासाठी सरकारी जिल्हा रुग्णालयांत आणि मेडिकल कॉलेजांत अशा आणि लैंगिक आजारांसाठी सुरक्षा क्लिनिक असतं. तिथं तपासणी आणि औषध मोफत, नाव गुप्त राहतं. मला हे नंतर कळलं.

आणखी एक, वास येतो म्हणून मी आतून साबणानं धूत होते. मॅडम रागावल्या. आतून धुतल्यानं चांगले जंतूही मरतात आणि वाईट जंतू वर सरकायला वाट मिळते. बाहेरून साधं पाणी पुरे.

आणि गोळ्यांचं राहिलंच. त्यातली डॉक्सिसायक्लिनची गोळी भरपूर पाण्याबरोबर घ्यायची आणि अर्धा तास तरी आडवं व्हायचं नाही. पहिल्या रात्री मी घोटभर पाण्यावर गिळून झोपले आणि दोन दिवस छातीत जळजळत होतं.