बाटली कुठे उभी होती?

वेष्टण कापलं तेव्हा बूच बाटलीच्या तोंडातून किंचित वर आलेलं दिसलं, आणि त्याच्या कडेने वाळलेल्या लाल ओघळाचा चिकट डाग होता. गेल्या वर्षीच्या एप्रिलमधली गोष्ट. पोर्तुगालच्या दाँव भागातली ती रेड वाइन मी मडगावहून २२०० रुपयांना आणली होती आणि महिनाभर तिची वाट पाहिली होती. ग्लासात ओतल्यावर ताज्या फळाचा मागमूस नव्हता. खजूर आणि मनुका शिजवत ठेवून भांडं खाली लागावं तसा वास, आणि रंगात विटकरी झाक.

आम्ही फोंड्यातली तीन घरं, सहा माणसं. महिन्याच्या शेवटच्या रविवारी कुणा एकाकडे जमतो. त्या महिन्यात घेतलेली बाटली आणायची, आणि उघडण्याआधी कुठून घेतली, कितीला घेतली ते सांगायचं, एवढाच नियम. आमच्यात वयाने मोठे भाई. त्यांनी जन्मभर औषधांचं दुकान चालवलं. त्यांनी ग्लास नाकाशी नेला, खाली ठेवला आणि मला विचारलं, "वहिनी, दुकानात ही बाटली कुठे उभी होती?"

मला आठवत होतं. पश्चिमेकडे तोंड असलेलं दुकान, दर्शनी काच, सगळ्यात वरची फळी. मागे ट्यूबलाइट. लेबल छान दिसत होतं म्हणूनच नजर गेली होती.

"इन्सुलिन तिथे ठेवलं असतं तर तुम्ही घेतलं असतं का?" भाई म्हणाले. त्या दिवसापासून वाइन घेण्याची माझी पद्धत बदलली.

दुसऱ्या दिवशी मी बूच आणि अर्धी बाटली घेऊन दुकानात गेले. उघडलेली बाटली परत घेत नाही, असं उत्तर मिळालं. मला फार वाईट वाटलं, कारण दोष माझ्या जिभेचा नव्हता, बुचावर दिसत होता. उष्णतेने वाइन प्रसरण पावते आणि बूच वर ढकलते. गार झाली की आकसते आणि त्याच फटीतून हवा आत ओढते. असं चार-सहा दुपारी झालं की बाटली गेली. वाइनला १२ ते १४ अंशांत राहायला आवडतं, आणि आपल्याकडे मे महिन्यात रात्रीसुद्धा पारा २५च्या खाली उतरायला तयार नसतो. त्याआधी कंटेनर, गोदी, गोदाम, टेम्पो हा प्रवास झालेला असतो तो वेगळाच. परदेशी वाइनवर आपल्याकडे एरवी १५० टक्के सीमाशुल्क बसतं. गोव्यात अबकारी कर शेजारच्या राज्यापेक्षा कमी म्हणून बाटली स्वस्त पडते हे खरं, पण स्वस्त पडलेली बाटली शिजलेली निघाली तर तिच्याइतकी महाग दुसरी नाही.

मग मे आणि जून हे दोन महिने मी फक्त दुकानं बघितली. पणजी, म्हापसा, मडगाव, आमचं फोंडा. आत शिरल्यावर आधी लेबलं वाचायची नाहीत, आधी हवा जोखायची. एसी ग्राहक आला की चालू होतो की सकाळपासून चालू आहे? बाटल्या आडव्या आहेत की उभ्या? बुचाची बाटली महिनोन्‌महिने उभी राहिली तर बूच सुकतं. फिरकीच्या झाकणाला ती भीती नाही. उजेडाचं मला तोवर ठाऊक नव्हतं. आमच्यातल्या एकीने जूनमध्ये पांढऱ्या काचेच्या बाटलीतली गुलाबी वाइन आणली, दिव्याखाली मांडलेली, आणि तिला चक्क उकडलेल्या कोबीचा वास होता. पारदर्शक काचेतून प्रकाश थेट आत जातो आणि वाइन अशी बिघडते. गडद हिरवी काच दिसायला शोभेची असली तरी ती त्यासाठीच असते.

हळूहळू विचारायची भीड गेली. आता मी सरळ म्हणते, "दादा, फळीवरची नको, आतल्या खोक्यातली द्या." बहुतेक दुकानदार देतात. काही तर खूश होतात, कारण असं विचारणारं गिऱ्हाईक पुन्हा येतं हे त्यांना कळतं. खोक्यातून आलेली बाटली उजेडाकडे धरून बघायची: वाइनची पातळी मानेत वर आहे ना, लेबलावर ओघळ नाही ना, वेष्टणावर बोट फिरवल्यावर बूच फुगून वर आलेलं लागत नाही ना. ओल्या पुठ्ठ्यासारखा किंवा कुबट तळघरासारखा वास मात्र असा बाहेरून कळत नाही. तो दोष बुचातून येतो, त्यात दुकानाचा अपराध नसतो, आणि त्याबद्दल दुकानदाराशी भांडू नये असं माझं मत आहे.

देशी पांढऱ्या वाइनचं वर्ष बघायला मी शिकले तो सगळ्यात मोठा फायदा. नाशिककडे द्राक्षांची छाटणी सप्टेंबर-ऑक्टोबरात होते आणि वाइनची द्राक्षं जानेवारी ते मार्चमध्ये उतरतात. युरोपात ती सप्टेंबरच्या आसपास उतरतात. म्हणजे आपली सॉव्हिन्यॉ ब्लां किंवा शेनिन ब्लां, या पांढऱ्या द्राक्षांची वाइन, पावसाळ्यात दुकानात येते तेव्हा ती त्याच वर्षीची, अगदी कोवळी असू शकते. जुलैत मी त्या वर्षीची नाशिकची शेनिन घेतली, फिरकीच्या झाकणाची, ७०० रुपयांच्या आसपास. सुंगटांच्या हुमणाबरोबर, म्हणजे कोळंबीच्या आमटीबरोबर, ती प्यायलो तेव्हा टेबलावर कुणी बराच वेळ बोललंच नाही. हलकी गोडी मिरचीला आवर घालते आणि तिचा आंबटपणा सोलांच्या, म्हणजे आमसुलांच्या, आंबटपणाशी जुळतो. त्याच जेवणात एकाने कडक टॅनिनची, म्हणजे जीभ तुरट करणारी, रेड आणली होती, ती तिखटापुढे कडू झाली आणि माशाबरोबर तोंडात लोखंडाची चव ठेवून गेली. रेडमधल्या लोहामुळे असं होतं. तरीही रेड प्यायचीच असेल तर बांगड्याला सोडून शागुती, म्हणजे भाजलेल्या मसाल्याचं मटण किंवा कोंबडी, करावी.

ऑस्ट्रेलियाच्या शिराझ या रेडकडे मी वळले ते हिशोबाने. २९ डिसेंबर २०२२ पासून त्या देशाशी झालेला व्यापार करार लागू आहे. त्यानुसार ५ डॉलरहून अधिक आयातमूल्याच्या बाटलीवरचं शुल्क १५० वरून आधी १०० टक्क्यांवर आलं, आणि १० वर्षांत ते ५० पर्यंत उतरायचं आहे. त्यांच्या बहुतेक बाटल्यांना फिरकीचं झाकण असतं, हे आपल्या हवेसाठी आणखी बरं.

घरी आणल्यावर काय, हा प्रश्न त्याहून अवघड. दुपारी घेतलेली बाटली गाडीच्या डिकीत ठेवून आणखी दोन कामं करायची नाहीत, हे पहिलं. आमचं घर जुनं, चिऱ्याचं, जाड भिंतींचं. मी स्वयंपाकघरात आणि भाताच्या कोठीत एकेक थर्मामीटर टांगला आणि पंधरा दिवस वहीत आकडे लिहिले. स्वयंपाकघर २७ पासून ३४ पर्यंत चढत-उतरत होतं. कोठी दिवसा २९, रात्री २८. दोन्ही जागा गरमच, पण कोठीतला पारा हलत नव्हता, आणि बुचाला खरा त्रास त्या चढउताराचा होतो. तेव्हापासून बाटल्या कोठीत, जमिनीलगत, आडव्या. पावसाळ्यात लेबलांवर बुरशी धरते म्हणून त्यांना पातळ प्लास्टिक गुंडाळते. वाइनचा खास फ्रिज घ्यावा असं एकदा मनात आलं होतं, पण पावसात आमची वीज कधी किती तास जाईल याचा नेम नाही. त्याऐवजी ठरवलं की घेतलेली बाटली तीन महिन्यांत संपवायची आणि साठा सहाच्या वर जाऊ द्यायचा नाही.

आणि मग चतुर्थीला लिस्बनहून माझा चुलतभाऊ आला. परदेशातून येणाऱ्याला २ लिटरपर्यंत मद्य शुल्काविना आणता येतं. काय आणू असं त्याने फोनवर विचारलं होतं, आणि मी भाईंशी बोलून सांगितलं होतं: मदेरा आण, बुआल द्राक्षांची.

मदेरा हे अटलांटिकमधलं पोर्तुगालचं बेट. जुन्या काळी भारताच्या वाटेवरची जहाजं तिथे थांबत आणि वाइनची पिंपं चढवत. उष्ण कटिबंधातून जाऊन-येऊन परतलेली वाइन निघाली तेव्हापेक्षा सरस लागते हे तिथल्या लोकांच्या ध्यानात आलं. अशा वाइनला ते 'विन्यु द रोदा' म्हणत, म्हणजे फेरी मारून आलेली. पुढे ती फेरी त्यांनी बेटावरच घडवली. काही वाइन ४५ ते ५० अंशांवर निदान तीन महिने तापवतात. त्याहून चांगली पिंपांत भरून उन्हाने तापणाऱ्या माळ्यांवर वर्षानुवर्षं ठेवतात. द्राक्षाचा मद्यार्क घालून ती बळकट केलेली असते. उष्णता आणि हवा, ज्यांनी माझी दाँवची बाटली मारली, त्या दोन्ही गोष्टी हिने आधीच पचवलेल्या असतात. हे वाचलं तेव्हा मी वही बाजूला ठेवली आणि थोडा वेळ नुसती बसून राहिले. जी वाट आपल्या किनाऱ्यापर्यंत येत होती, त्याच वाटेवरच्या उकाड्याने ही वाइन घडवली होती.

सप्टेंबरच्या शेवटच्या रविवारी ती उघडली. म्हापशाच्या बाजारातलं दोदोल मुद्दाम आणलं होतं. नारळाचा रस, काळा गूळ, आणि वर ही अक्रोडासारखी, भाजलेल्या साखरेसारखी, तरीही शेवटी लिंबासारखी आंबट वाइन. गोडावर गोड जड होईल अशी माझ्या वहिनीला शंका होती, पण त्या आंबटपणाने दोदोलाचं तूप जिभेवरून पुसून नेलं आणि तिने दुसरी वडी घेतली.

आता जानेवारी संपत आला. बाटली उघडून चार महिने झाले. ती कोठीत नाही, जेवणघरातल्या कपाटात आहे, उभी, कारण मदेरा उभीच ठेवतात. दर महिन्याला प्रत्येकी एक लहान घोट घेतो. चव पहिल्या दिवसासारखीच आहे. परवाच्या रविवारी भाईंनी बाटली उजेडाकडे धरली, तळाशी उरलेली चार बोटं वाइन बघितली, आणि म्हणाले, "वहिनी, लिस्बनला फोन लावा बघू."