चौथ्या टेबलावरचा वाकडा आलेख

मंगळवारची बॅच, एमएस्सीचं पहिलं वर्ष, आणि प्रॅक्टिकल लॉवरीचं. प्रथिनं मोजायची ही पद्धत १९५१ सालची, पण आजही बहुतेक लॅबमध्ये मुलं तिच्यावरच हात बसवतात. बीएसए या ठरलेल्या प्रथिनाचं २०० मायक्रोग्रॅम प्रति मिलीचं द्रावण पाच नळ्यांत चढत्या प्रमाणात घ्यायचं, ०.२ पासून १.० मिलीपर्यंत. पाणी घालून प्रत्येक नळी १ मिलीवर आणायची, अल्कलाइन कॉपरचं द्रावण घालून दहा मिनिटं थांबायचं, मग रंग आणणारं फोलिनचं द्रावण घालून अर्धा तास अंधारात ठेवायचं. निळा रंग चढत जातो. ६६० नॅनोमीटरच्या प्रकाशात रंग किती गडद आहे त्याचं रीडिंग घेतलं की आलेख काढायचा.

साडेतीनला मी जर्नलवर सह्या करायला बसले. चौथ्या टेबलावर चौघं आणि चौघांत मिळून एक मायक्रोपिपेट, म्हणजे आकडा लावून तेवढंच द्रव ओढायचं साधन. तिघांची रीडिंग ०.१०, ०.२०, ०.३०, ०.४०, ०.५०. सरळ रेघ, पट्टीने ओढल्यासारखी. चौथ्या मुलीची ०.०९, ०.१९, ०.२२, ०.३७, ०.३९. वर जाणारी, मध्येच बसणारी, पुन्हा उडी मारणारी रेघ.

"हे काय गं? एवढं साधं पिपेटिंग जमू नये?" मी सगळ्यांसमोर म्हटलं.

"मॅडम, मी दोनदा केलं. दोन्ही वेळा वेगळं आलं." तिने पान उलटून दाखवलं. दुसरा संचही पेनानेच लिहिलेला होता, तोही तितकाच वाकडा. मी सही केली नाही. "हात बसव आधी," म्हणून जर्नल परत दिलं.

पुढच्या टेबलाकडे गेले खरी, पण ती तीन सरळ रेघांची पानं डोळ्यांसमोरून हलेनात. लॉवरीचा आलेख इतका सरळ येतच नाही. प्रमाण वाढत गेलं की तो वरच्या टोकाला थोडा झुकतो. दरवर्षी मीच हे फळ्यावर लिहिते. आणि चौघांचं पिपेट तर एकच होतं.

परत आले. पिपेट १००० मायक्रोलिटरवर, म्हणजे १ मिलीवर लावलं, नवी टिप चढवली, पाणी ओढलं आणि उभं धरून नुसती बघत राहिले. सात-आठ सेकंदांत टिपेच्या तोंडाशी थेंब फुगला. मग तो पडला. बीकरपासून नळीपर्यंत हात नेताना दर वेळी असंच काहीतरी गळत असणार, कधी कमी, कधी जास्त.

लॅबच्या मामांना सांगून वजनकाट्यावर छोटं बीकर ठेवलं. २५ अंशांना १ मिली पाण्याचं वजन ०.९९७ ग्रॅमच्या आसपास भरायला हवं. माझ्या हाताने आलं ०.९६२. मग ०.९४१. मग ०.९७८. वीस वर्षं बसलेला हात आणि तरी हे आकडे. पिपेटवर आकडा दाखवणाऱ्या खिडकीत मात्र १००० तसाच होता.

आम्ही शिकत होतो तेव्हा काचेच्या पिपेटने तोंडाने ओढायचो. लॉवरीतला कॉस्टिक सोडा एकदा जिभेला लागलेला मला अजून आठवतो. ते दिवस परत यावेत असं मी कधीच म्हणणार नाही. पण तेव्हा द्रावण कुठल्या रेघेवर आहे ते डोळ्यांनी बघावंच लागायचं. आता खिडकीतला आकडा बघून आपण पुढे जातो. तो आकडा आपण मागितलेला असतो. नळीत किती पडलं, ते त्याला माहीत नसतं.

मी बॅच थांबवली. सगळ्यांसमोर बोलले होते, म्हणून माफीही सगळ्यांसमोर मागितली. ती मुलगी खाली बघत टिपांचा डबा लावत राहिली.

मग त्या तिघांना विचारलं. बराच वेळ कुणी बोललं नाही. शेवटी एक जण म्हणाला, "मॅडम, रीडिंग सीनिअरच्या जर्नलमधली आहेत. आमचीही वाकडीच आली होती. पण वाकडी असली की तुम्ही सही करत नाही."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. दहाच मिनिटांपूर्वी मी तेच केलं होतं.

मामांनी पिपेट उघडलं. आतली रबराची रिंग एका बाजूने चिरली होती. कपाटात नवीन होती, ती बसवली, किंचित ग्रीस लावलं. पुन्हा वजन घेतलं, या वेळी त्या चौघांनीच, प्रत्येकाने दहा-दहा वेळा. काटा स्थिर होईपर्यंत कुणी श्वास घेत नव्हतं. ०.९९५, ०.९९६, ०.९९४. पाच वाजून गेले होते, पण घरी जायची घाई कुणालाच नव्हती.

तिने तिसऱ्यांदा नळ्या लावल्या. आलेख वर चढला आणि वरच्या टोकाला जरासा झुकला, लॉवरीचा असतो तसा. मी त्या पानावर सही केली. मग मागचं पान उलटून त्या वाकड्या रीडिंगखालीही केली.