उटण्याचं अर्धं पाकीट

दुपारी माळ्यावरचा डबा काढताना गेल्या दिवाळीतलं उटण्याचं अर्धं पाकीट हाताला लागलं, रबर लावून ठेवलेलं. वास अजून शाबूत. आमच्याकडे उटणं कधी संपतच नाही, दर वर्षी नवं येतं आणि दर वर्षी अर्धं उरतं, तुमच्याकडेही तेच असणार.

लहानपणी पाकीट नव्हतं. आजी काष्ठौषधीच्या दुकानात पिटाळायची, मग नागरमोथा, कपूरकाचरी, वाळा, आंबेहळद, सगळं कागदाच्या पुड्यांतून यायचं. आंबेहळदीचा तुकडा मोडला की वास थेट कैरीचा, मी चाटून बघितलाय, चव मात्र कैरीची नाही. संत्र्याच्या साली गच्चीवर आधीच वाळवून ठेवलेल्या असायच्या. कुटायचं आम्ही, चाळायचं आजीनं, पण तिची चाळणी जरा उदारच असावी, कारण नरकचतुर्दशीला पहाटे कुडकुडत पाटावर बसलो की ते उटणं अंगावर सॅंडपेपरसारखं फिरायचं आणि वाळ्याचे धागे पाठीला चिकटायचे. मग गरम पाणी, मग डाव्या पायाच्या अंगठ्याखाली कारीट फोडून गोविंदा गोविंदा, आणि त्याचा तो कडू थेंब जिभेला.

हळद आजी बेतानं घालायची. कारण टॉवेल. हळदीचा डाग साबण लागला की लालभडक होतो, नवीन सुनांची धांदल उडते, पण उन्हात टाकला की जातो, हे आजीला ठाऊक होतं. ह्याच हळदीचं, जखमेवर लावतात म्हणून, अमेरिकेत १९९५ मध्ये पेटंट दिलं गेलं होतं, मग शास्त्रज्ञ माशेलकरांच्या सीएसआयआर ह्या सरकारी संशोधन संस्थेनं जुने दाखले पुढे केले आणि १९९७ मध्ये ते रद्द झालं. पेपरात वाचून आम्ही कॉलर ताठ केली. आजी म्हणाली, मग इतके दिवस आपण काय लावत होतो?

आता दुकानात गेलं तर मंजिष्ठा फेसवॉश, मुलतानी मातीचा पॅक, सगळ्यावर एकच शब्द, ग्लो. १९७५ पासून चालत आलेल्या त्या गोरेपणाच्या क्रीमच्या ट्यूबवरचंसुद्धा फेअर २०२० मध्ये गेलं आणि ग्लो आलं. आत काय बदललं कोण जाणे.

आणि ह्यावरून आमची चुलत ताई आठवली. आम्हा पोरांना उटणं वर्षातून एकदा, धिंगाणा म्हणून. तिला रोज. मसुराचं पीठ, साय, चिमूट हळद, शाळेतून आली की काकू मोरीत घेऊन बसायची, कारण ताई सावळी आणि पुढे बघायला येणार. कोपरं आणि मान तर इतकी घासायची की लाल व्हायची, ताई ओरडायची, आम्ही अंगणात क्रिकेट खेळायचो. काकू वाईट नव्हती हो. तिचीही तिच्या आईनं अशीच मान घासली असणार. आजी एरवी सगळ्यात बोलायची, ह्यात गप्प.

ताई आता पन्नाशीची आहे, बँकेत मॅनेजर. दिवाळीला भाचीनं विचारलं, मावशी तुझ्यासाठी उटणं भिजवू का, तर म्हणाली, मला मोती साबण दे, आणि पाठ माझी मी घासेन.